वाटा

मराठीत ‘वाटा’ हा शब्द शेतालाही चालतो आणि कंपनीलाही. वडिलोपार्जित जमिनीत वाटा असतो, घरखर्चात असतो, तसाच एखाद्या कंपनीच्या भांडवलातही असतो. या शेवटच्या वाट्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘समभाग’ आणि बोलण्यात ‘शेअर’ म्हणतात. अर्थाचा गाभा तोच राहतो. अनेकांच्या मालकीच्या वस्तूतील, आपल्या नावावर लागलेला अंश म्हणजे वाटा. शब्दार्थविचार शिकवताना हा शब्द मी फळ्यावर कितीदा तरी लिहिला असेल. माझ्या स्वतःच्या व्यवहारात तो आला २०२२ साली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याने मला जे शिकवले ते येथे सांगावेसे वाटते.

मावळातील आमचे भातखाचर रस्त्याच्या कामासाठी संपादित झाले. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचे, माझे आणि धाकट्या भावाचे अशी तीन नावे लागली होती. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला हे खरे; परंतु अशा वेळी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, साडीचोळी घ्यावी आणि माहेरचा दरवाजा उघडा ठेवावा, ही रीत आमच्या भागात अजून मोडलेली नाही. भावाने तो कागद कधी पुढे केलाच नाही. आईने आपल्यासाठी घरालगतचा तुकडा ठेवून घेतला आणि खाचराच्या मोबदल्याचे दोन समान भाग झाले. माझ्या खात्यावर अकरा लाख रुपये जमा झाले, त्याच्याही खात्यावर तेवढेच. मी संकोचून काही बोलू लागले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, लावणीला तूही चिखलात उभी राहायचीस की.” या विषयावर आमच्यात याहून अधिक बोलणे झाले नाही.

पुढे आठवडाभराने त्याचा फोन आला. तो पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. दोघांचेही पैसे एका अमेरिकन कंपनीच्या समभागांत गुंतवावेत, असे त्याच्या मनात होते. कंपनीचे नाव एनव्हिडिया. संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणाऱ्या चिप आणि कार्ड बनवणारी ही कंपनी. पुण्यातही तिचे कार्यालय आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या बाबतीत कायद्याची अडचण नव्हती. अडचण माझी होती. “अरे, खाचर विकून खेळण्यांच्या कार्डांत पैसे घालायचे?” मी विचारले. तो शांतपणे म्हणाला, “तू वाच आधी. तुझ्याइतके नीट वाचणारे आपल्या घरात दुसरे कोणी नाही. वाचून झाले की ठरव.”

उन्हाळ्याची सुटी होती. सकाळी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या आणि दुपारी या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायचा, असा माझा मे महिना गेला. दोन्ही कामांना आपण एकच शब्द वापरतो: मूल्यमापन. मी दोनशे पानी वही घेतली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि ज्या क्रमाने उत्तरपत्रिका पाहते त्याच क्रमाने प्रश्न लिहिले. ही कंपनी नेमके काय विकते आणि कोणाला? दुसऱ्या कोणाला तेच का विकता येत नाही? काय बिघडू शकते? आणि या सगळ्यासाठी बाजार आज जी किंमत मागतो आहे ती योग्य आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी मला आधी ती वस्तू समजून घ्यावी लागली. संगणकाचा साधारण पडदा म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. खेळातील दृश्य हलते दिसावे म्हणून हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे, म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक छोटे हिशेब करायचे. संगणकाचा मुख्य प्रक्रियक अवघड कामे फार वेगाने करतो, परंतु त्याच्यापाशी एकाच वेळी काम करणारे हात थोडे असतात. ग्राफिक्स प्रक्रियकात साधी कामे करणारे हजारो हात एकाच वेळी चालतात. भावाने हे सांगितले आणि मला इर्जिक आठवली. एकट्या बैलजोडीने आठ दिवसांत होणारे काम सारे गाव एका शेतात उतरून दिवसभरात उरकते. एनव्हिडिया इर्जिक विकते, असे मी वहीत लिहिले. हे वाक्य मला आजही बरोबर वाटते. त्याचा पुढचा अर्थ मात्र मी तेव्हा लावला नाही.

मग मी इतिहास वाचला. १९९३ साली जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. १९९५ मधील तिची पहिली चिप वक्र पृष्ठभागांच्या साहाय्याने चित्र रेखाटत असे. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने खेळांसाठी जी प्रमाण पद्धत आणली ती त्रिकोणांवर उभी होती. बाजार त्रिकोणांच्या मागे गेला आणि कंपनीला निम्म्याहून अधिक माणसे कमी करावी लागली. १९९७ च्या रिवा १२८ या चिपने ती तगली. जानेवारी १९९९ मध्ये प्रत्येकी १२ डॉलर दराने तिचे समभाग जनतेसाठी खुले झाले. त्याच काळात थ्रीडीएफएक्स नावाची स्पर्धक कंपनी या क्षेत्रात अग्रेसर होती. १९९६ पासून तिच्या वूडू कार्डांचा खेळाडूंत मोठा दबदबा होता. पुढे तिने कार्ड बनवणारी एक कंपनी विकत घेऊन स्वतःच कार्डे विकायला आरंभ केला, त्यामुळे तिच्या चिप घेणारे कार्ड-उत्पादक दुरावले. २००० च्या डिसेंबरात तिची मालमत्ता विकत घेण्याचा करार एनव्हिडियानेच केला. चार वर्षांत पहिल्या क्रमांकावरून नामशेष! मी वहीत या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

‘काय बिघडू शकते’ या प्रश्नाखाली मजकूर भराभर वाढला. कंपनीचा स्वतःचा चिप-कारखाना नाही. आराखडा ती करते आणि चिप प्रामुख्याने तैवानमधील टीएसएमसी घडवते. २००८ साली चिपच्या आवरणाच्या सामग्रीत दोष निघाला आणि त्यापोटी सुमारे २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या मंदीत, २००७ च्या अखेरच्या उच्चांकापासून वर्षभरात समभागाचा भाव चार-पंचमांशाहून अधिक कोसळला. २०१८ मध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर या तीनच महिन्यांत तो निम्म्याहून खाली आला. या दुसऱ्या घसरणीच्या कारणापाशी माझ्यातली भाषेची अभ्यासक थबकली.

कंपनी आपले उत्पन्न काही नावांखाली विभागून दाखवते. त्यांतले सर्वांत मोठे नाव तेव्हा ‘गेमिंग’ असे होते. आपण समजतो की हे खेळणाऱ्यांकडून आलेले पैसे. पण २०१७ च्या सुमारास तीच कार्डे आभासी चलनाचे ‘खनन’ करणारे लोक मोठ्या संख्येने विकत घेऊ लागले होते. विक्री वाढली, ‘गेमिंग’चा आकडा फुगला आणि चलनाचे भाव पडताच ही मागणी ओसरली. मी अहवाल वाचत होते त्याच महिन्यात, मे २०२२ मध्ये, अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने या प्रकरणी आदेश काढला. गेमिंगच्या वाढीत खननाचा वाटा मोठा होता आणि ही गोष्ट कंपनीने पुरेशी उघड केली नाही, असे त्याचे म्हणणे होते. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने ५५ लाख डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ लपले होते, आणि ज्यांनी शब्द वाचला पण त्याचा वाच्यार्थ तपासला नाही, त्यांचे नुकसान झाले. शब्दांनी केलेली फसगत पकडण्याचेच प्रशिक्षण मी आयुष्यभर घेतले होते. माझ्या मनाने तिथेच निकाल लावला असावा.

शेवटचा प्रश्न किमतीचा. जानेवारी २०२२ अखेर संपलेल्या वर्षात कंपनीचे उत्पन्न २६.९१ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा ९.७५ अब्ज डॉलर होता. बाजार तिच्यासाठी त्या नफ्याच्या चाळीसपटींहून अधिक किंमत मागत होता. याचा अर्थ असा की नफा वाढलाच नाही, तर घातलेले पैसे नफ्यातून भरून निघायला चाळीस वर्षे लागणार. किंमत आणि मूल्य यांतला फरक विद्यार्थ्यांना मी नेहमी समजावते. ‘किंमत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, तो बाजारातला; ‘मूल्य’ संस्कृतातून आला आणि तत्त्वज्ञानापर्यंत पोहोचला. किंमत दुकानदार सांगतो, मूल्य आपण ठरवावे लागते. मी ठरवले: कंपनी चांगली, किंमत अवाजवी, शब्द संशयास्पद. शेऱ्याच्या जागी लिहिले, ‘गुंतवणूक करू नये’. माझ्या पैशांतून घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते फेडले आणि बाकीचे बँकेत मुदत ठेवीत टाकले. भावाने वही मन लावून वाचली, “ताई, झकास लिहिलेस,” म्हणाला आणि आपले अकरा लाख त्याने त्याच महिन्यात त्या कंपनीत घातले.

त्या वर्षी २६ ऑक्टोबरला भाऊबीज होती. मधल्या पाच महिन्यांत खेळाच्या कार्डांची मागणी घटली होती, बाजारही उतरणीला लागला होता आणि भावाने ज्या दराने समभाग घेतले त्याच्या जेमतेम पाऊण भाव उरला होता. ओवाळून झाल्यावर विषय निघाला. मला त्या क्षणी जे वाटले ते लिहायला संकोच होतो. भावाचे नुकसान झाले याचे वाईट वाटण्याआधी, माझे मूल्यमापन खरे ठरले याचा आनंद वाटला. मी वहीतले मुद्दे पुन्हा सांगितले, थ्रीडीएफएक्सची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाले, “मी असते तर आता तरी विकून टाकले असते.” तो काही बोलला नाही. आईने फराळाची ताटे आणली.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी लोकांसमोर आले. माणसासारखी भाषा लिहिणारी ही यंत्रणा आणि तिच्यासारख्या इतर यंत्रणा घडवायला व चालवायला एकाच वेळी अगणित छोटे हिशेब करावे लागतात, म्हणजेच अफाट इर्जिक लागते. ती पुरवणारी मुख्य कंपनी एनव्हिडिया होती. मे २०२३ मध्ये तिने पुढील तिमाहीच्या विक्रीचा अंदाज जाहीर केला, तेव्हा दुसऱ्या दिवशी भाव सुमारे चोवीस टक्क्यांनी उसळला. जानेवारी २०२५ अखेर संपलेल्या वर्षात तिचे उत्पन्न १३०.५ अब्ज डॉलरवर आणि निव्वळ नफा जवळजवळ ७२.९ अब्ज डॉलरवर गेला. ज्या नफ्याच्या चाळीसपट किंमत मला अवाजवी वाटली होती, तो नफा तीन वर्षांत सातपट झाला होता.

या काळात माझ्या मनाची जी अवस्था होती तिचे नाव, योगायोगाने, कंपनीच्याच नावात आहे. ‘एनव्हिडिया’ हे नाव लॅटिनमधील ‘इन्व्हिदिया’ या शब्दावरून घेतलेले आहे. ‘इन्व्हिदिया’ म्हणजे मत्सर. त्या शब्दाच्या मुळाशी ‘पाहणे’ या अर्थाचा धातू आहे. वाकड्या नजरेने पाहणे, नजर लावणे असा त्याचा प्रवास. आपण ‘दृष्ट लागणे’ म्हणतो, तीच कल्पना. लॅटिनमधील हा ‘पाहणे’ आणि संस्कृतातील ‘विद्’, म्हणजे जाणणे, हे तौलनिक भाषाशास्त्रात एकाच मुळाचे मानले जातात. ‘विद्या’ आणि ‘मत्सर’ असे दूरचे नातलग निघावेत याची गंमत मी वर्गात अनेकदा सांगितली होती. आता भाव रोज पाहायचे आणि मनात हिशेब करायचा: माझे अकरा लाख आज किती झाले असते? भावाने नवे घर घेतले तर? त्याच्याविषयी मला प्रेम आहे, आणि तरीही हा हिशेब थांबत नसे.

२०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला आली. भाव डॉलरमध्ये सातपटींच्या वर गेला होता. जेवणे झाल्यावर आईने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि भावाला समोर बसवले. “पोराचं चांगलं चाललंय, कोणाची नजर नको लागायला,” असे पुटपुटत तिने दृष्ट काढली. मी शेजारीच बसले होते. मला उगीचच पदर सावरावासा वाटला. मग तिने मलाही बोलावले आणि त्याच हाताने माझीही काढली.

अंगणात आल्यावर मी हसत भावाला म्हणाले, “आता तू श्रीमंत माणूस. माझ्या वहीला रद्दीत घाल.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, निम्मे मी तेव्हाच विकले होते.”

“केव्हा?”

“तू म्हणालीस ना, त्या भाऊबीजेला. पुढच्याच आठवड्यात. वाटलं, तू एवढं वाचलंयस, तुझंच बरोबर असेल.”

मी हिशेब केला. तो आता आपोआप होत असे. विकलेल्या निम्म्या भागाचे, साडेपाच लाखांचे, त्या दिवशी चाळीस लाखांच्या वर झाले असते. दोन वर्षे त्याने मला हे सांगितले नव्हते. “सांगून काय करणार होतो? निम्मे राहिले की. आणि ते राहिले तेही पुष्कळ झाले,” तो म्हणाला आणि गाडी काढायला गेला. ज्याने माझ्या वाट्याचा कागद कधी पुढे केला नाही, त्याचा निम्मा वाटा माझ्या एका वाक्याने गेला होता.

त्या वाक्याचे मी पुढे बरेच दिवस व्याकरण करत बसले. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या रूपावरून चार अर्थ मानले जातात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘मी असते तर विकून टाकले असते’ हा संकेतार्थ; त्यात अट आहे, आज्ञा नाही. कोणी जाब विचारला तर ‘मी विक असे म्हटलेच नव्हते’ असे म्हणायला जागा आहे. पण थोरल्या बहिणीने, तीही प्राध्यापक असलेल्या बहिणीने, पडत्या बाजारात धाकट्या भावाला सांगितलेला संकेतार्थ ऐकणाऱ्याच्या कानी आज्ञार्थ होऊन पोहोचतो. वाक्याचा अर्थ कोण बोलतो, कोणाला आणि कोणत्या वेळी यांवर ठरतो, हे मी दरवर्षी शिकवते. कंपनीचा अहवाल या बाबतीत माझ्याहून प्रामाणिक होता. त्यातील जोखमींच्या प्रकरणात पानोपानी ‘मागणी घटू शकेल’, ‘पुरवठा अडू शकेल’ अशी शक्यतादर्शक वाक्ये होती. माझ्या वहीतही मे महिन्यात अशीच वाक्ये होती. ऑक्टोबरात मी बोलले तेव्हा त्यांतील ‘शकेल’ गळून पडले होते, कारण तेव्हा मी मूल्यमापन करत नव्हते, माझ्या मूल्यमापनाचा विजय साजरा करत होते.

मग मी ती वही पुन्हा काढली आणि परक्याची उत्तरपत्रिका तपासावी तशी तपासली. काही उत्तरे आजही गुण मिळवतील अशी होती. एका देशातील एका उत्पादकावरचे अवलंबित्व, मागणीतील चढउतार, ‘गेमिंग’ या शब्दातील संदिग्धता हे मुद्दे योग्य होते. नंतर भाव वाढला म्हणून ते चुकीचे ठरत नाहीत. ज्या उत्तरात रीत बरोबर आहे त्याला आपण गुण देतो. दोन ठिकाणी मात्र मी नापास होते, आणि दोन्ही ठिकाणे माझ्याच विषयातली होती.

पहिले ठिकाण अर्थविस्ताराचे. ‘तेल’ म्हणजे मुळात तिळाचे. पुढे शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, इतकेच काय मातीचेही तेल झाले. ‘ग्राफिक्स’चे तसेच झाले होते. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील अॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी प्रतिमा ओळखायला शिकणारी एक प्रणाली तयार केली आणि त्या क्षेत्रातील मोठी स्पर्धा फार मोठ्या अंतराने जिंकली. तिच्या शिकवणीसाठी त्यांनी वापरली ती एनव्हिडियाची, खेळासाठी विकली जाणारी दोन कार्डे. म्हणजे २०२२ च्या दहा वर्षे आधीच त्या कार्डाचा अर्थ ‘चित्र काढणारे यंत्र’ याच्या पलीकडे गेला होता. माझ्यापुढच्या अहवालातही त्याचा पुरावा होता. ‘डेटा सेंटर’ या नावाखालील उत्पन्न १०.६ अब्ज डॉलरवर पोहोचले होते आणि एका वर्षात ते दीडपटीहून अधिक झाले होते. मी तो आकडा वहीत उतरवलाही होता. पण मनात ‘खेळण्यांची कार्डे’ हे शब्द घट्ट बसल्यामुळे, जगात आणखी किती लोक खेळ खेळतील याचाच हिशेब करत राहिले. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात गेमिंगचा भाग एकूण उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी उरला. ‘गेमिंग’ या शब्दाने इतरांना फसवलेले मी पकडले. ‘ग्राफिक्स’ या शब्दाने मला फसवले ते मला दिसले नाही.

दुसरे ठिकाण भाषेचेच. कंपनीने २००६ साली ‘कुडा’ नावाची व्यवस्था जाहीर केली. आमच्या मावळात कुडा म्हणजे रानातले झाड. पावसाळ्यात त्याच्या शेंगांची भाजी होते. हा कुडा वेगळा. ग्राफिक्स प्रक्रियकाला चित्राखेरीज इतर कामे सांगता यावीत यासाठी केलेली ती संकेतव्यवस्था आहे आणि ती केवळ याच कंपनीच्या चिपवर चालते. पुढील पंधरा वर्षांत जगभरचे संशोधक आणि अभियंते ती शिकले, त्यांनी तिच्यात आपली साधने लिहिली, ती साधने इतरांनी वापरली. ‘दुसऱ्या कोणाला तेच का विकता येत नाही’ या प्रश्नाचे मोठे उत्तर इथे होते. एखादी भाषा टिकते ती तिच्या वर्णमालेच्या सौंदर्याने नव्हे. ती बोलणारे, तिच्यात लिहिलेले आणि तिच्यावाचून अडणारे पुष्कळ असतात म्हणून. प्रतिस्पर्ध्याला उत्तम चिप बनवता येईल. एवढ्या लोकांना नवी भाषा शिकायला लावणे त्याहून कितीतरी अवघड. हे कोणाला समजायला हवे होते? माझ्या वहीत त्यावर एक ओळ आहे: ‘कुडा — प्रोग्रामिंगची सोय.’

हे सारे आज सुचते, आणि मागाहून सुचलेले शहाणपण स्वस्त असते याची मला जाणीव आहे. चॅटजीपीटी येणार आणि इतके चालणार हे भावालाही ठाऊक नव्हते. माझी वही निर्दोष असती तरी तिने हे भाकीत केले नसते. म्हणूनच मी स्वतःला ‘घेतले असते तर’ या हिशेबातून सोडवू शकले. त्या अकरा लाखांनी माझे कर्ज फिटले, रात्रीची झोप लागली. तोही एक परतावाच. ज्यातून सुटका नाही ते ‘विकून टाकले असते’ हे वाक्य.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून ही पुस्तिका वाचत असाल. तुमच्याकडेही कधी ना कधी असा एखादा वाटा येईल: भविष्यनिर्वाह निधीचा, जमिनीचा, आईच्या दागिन्यांचा. समभाग घ्यावेत की घेऊ नयेत हे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगते की वाचताना ज्या शब्दावर आपण सर्वांत कमी थांबतो, तोच पुन्हा पाहावा. आणि घरातले माणूस आपले ऐकते हे माहीत असेल, तर बोलण्याआधी आपल्या वाक्यात आपला आनंद किती आणि अभ्यास किती, हे मोजून घ्यावे.

२७ जानेवारी २०२५ रोजी चीनमधील डीपसीक या कंपनीच्या स्वस्तात घडवलेल्या प्रारूपाची बातमी पसरली आणि एनव्हिडियाचा भाव एका दिवसात सतरा टक्के कोसळला. सुमारे ५८९ अब्ज डॉलरचे बाजारमूल्य त्या दिवशी नाहीसे झाले. अमेरिकेच्या बाजारात एका कंपनीचे एका दिवसात एवढे मूल्य तोवर कधी बुडाले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला.

“ताई, उरलेले विकू का?”

माझ्या जिभेवर दोन्ही उत्तरे होती, आणि दोन्ही सांगताना मला बरे वाटले असते. मी म्हणाले, “मला आठवडाभर दे. कोण विकत घेतंय, स्वस्त झालं तर लोक कमी घेतील की जास्त, आणि आजचा भाव किती वर्षांच्या नफ्याएवढा आहे, हे वाचून लिहून देते. खालची शेऱ्याची ओळ मी मोकळी ठेवीन. ती तू भर.”

“आणि चुकलं तर?”

“चुकलं तर पुढच्या भाऊबीजेला दोघांनी मिळून वाचू.”

तो हसला. मी जुनी वही काढली. मागच्या बाजूला बरीच पाने कोरी होती. नव्या पानावर तारीख घातली आणि पहिला प्रश्न लिहिला: ही कंपनी आज नेमके काय विकते?